वाया गेलेल्यांचा विभाग: जुन्या लढती दाखवणाऱ्या एका सेवेबद्दल

आधी निकाल सांगतो, भांडण नंतर. जुन्या बॉक्सिंग लढती दाखवणाऱ्या या सेवेची वर्गणी भरावी का? पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत अख्खी लढत बघायचा धीर असेल तर जरूर भरा. नुसते नॉकआउट बघायचे असतील तर पैसे वाचवा, ते फुकटात कुठेही मिळतात. सेवेचं नाव मुद्दाम घेत नाही. माझी तक्रार एकट्या हिच्याबद्दल नाहीच, असल्या सगळ्या ठिकाणी साचा तोच.

मी पोरांना बॉक्सिंग शिकवतो. त्यामुळे कोण जिंकलं यात मला फारसा रस नसतो, ते आधीच माहीत असतं. पाय कुठे होते, ठोसा मारून झाल्यावर हात परत हनुवटीपाशी आला का, आणि दोन राउंडच्या मधल्या मिनिटात कॉर्नरमध्ये काय चाललं होतं, एवढं मला बघायचं असतं. वर्गणी घेतली ती त्यांच्या एका विभागासाठी. विशी-बाविशीत ज्यांच्याकडे बघून जाणकार ‘हा पुढचा’ म्हणत होते आणि पुढे ज्यांचं म्हणावं तसं काही झालं नाही, अशा बॉक्सरांच्या लढती तिथे एकत्र केल्यात. हॉवर्ड डेव्हिस, डोनाल्ड करी, हेरॉल ग्रॅहम, कर्कलंड लँग, टिम विदरस्पून, ग्रेग पेज, रिडिक बो, डेव्हिड रीड, टोनी अयाला. यादी वाचूनच हात शिवशिवले.

प्रत्येक नावाआधी दोन मिनिटांची एक झलक आहे. खर्जातला आवाज, मागे पियानो, रिकाम्या रिंगवर पडलेला एकच दिवा. मजकूर थोड्याफार फरकाने तोच: पोरगं गुणी होतं, शिस्त नव्हती. आपणही ‘दैव देतं आणि कर्म नेतं’ म्हणून असल्या माणसांचा विषय एका वाक्यात मिटवतोच म्हणा. पण झलक सोडून थेट लढती लावल्या की कळतं, कर्माची पाळी यायच्या आधीच बरंच काही नेणारे रांगेत उभे असतात. वजनकाटा असतो, लढती भरवणारा प्रवर्तक असतो, घाई असते. आणि कधी कधी समोरचा माणूस त्या रात्री सरळ सरळ सरस असतो, पण हे कारण झलकेत कधीच येत नाही.

डोनाल्ड करीपासून सुरुवात करा. ६ डिसेंबर १९८५, लास व्हेगास, समोर मिल्टन मॅक्रोरी. दोघेही अपराजित, वेल्टरवेट या वजनगटाचे सगळे पट्टे एकाच रात्री ठरायचे होते. दुसऱ्या राउंडमध्ये करीचा डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसतो, मॅक्रोरी खाली जातो, कसाबसा उठतो आणि लगेच उजव्या हाताने संपतो. या सेवेत वेग पाव पट करता येतो, तो इथे वापरा. हूक इतका आखूड आहे की साध्या वेगात तो दिसतही नाही. खांदा मागे नेणं नाही, तयारी नाही, पाय जमिनीला चिकटलेले. आमच्या पोरांना हे चार वेळा दाखवलं तरी ‘सर, ठोसा कुठे होता?’ हाच प्रश्न. त्या रात्रीनंतर वजनगट न बघता जगातला सर्वोत्तम बॉक्सर कोण, या वादात करीचं नाव अगदी वर होतं.

आता लगेच पुढची लढत लावा. २७ सप्टेंबर १९८६, अटलांटिक सिटी, लॉइड हनीगन. इंग्लंडहून आलेल्या या गड्याला कोणी खिजगणतीत धरलं नव्हतं. दुसऱ्याच राउंडमध्ये करीचे गुडघे लटपटतात. सहाव्यात डोकी आपटून भुवई फाटते आणि त्यानंतर तो कॉर्नरमधल्या स्टुलावरून उठत नाही. झलक याला ‘गाफीलपणा’ म्हणते. पण पहिल्या राउंडचे पाय बघा. मॅक्रोरीसमोर जो माणूस अर्धं पाऊल मागे घेऊन अर्धं पाऊल पुढे टाकत होता, तो इथे सपाट तळव्यांवर उभा आहे. करीला १४७ पौंडांत, म्हणजे साडेसहासष्ट किलोंच्या आसपास, उतरणं कधीचंच जड जात होतं. त्या गटातले सगळे पट्टे त्याच्याकडे होते आणि पट्टे सोडून वर जाणं कोणालाही सोपं नसतं. ज्याने कोणा पोराचं वजन शेवटच्या आठवड्यात उतरवलंय, त्याला हे पाय ओळखीचे वाटतील. तोंड सुकलेलं, नजर ठीक, पण ठोसा लागला की अंगात तो पचवायला काही शिल्लक नसतं. हनीगन सुरेखच लढला, त्याचं श्रेय काढून घ्यायचं नाही. पण याला गाफीलपणा म्हणणाऱ्याने कधी वजनकाट्यावर उभं राहून पाहिलेलं नसावं.

तिसरी लढत मला सगळ्यात उपयोगी वाटली, आणि सेवेने ती यादीत पार खाली ढकलली आहे. १८ जुलै १९८७, माइक मॅकॅलम. आता करी १५४ पौंडांत आहे, मोकळा आहे आणि पहिले चार राउंड छान खेळतोय. पाचव्यात मॅकॅलम डावा हूक पोटाकडे नेतो. करीचं कोपर तो अडवायला अर्ध्या वीतेने खाली येतं. तोच डावा पुन्हा वर जातो आणि हनुवटीवर बसतो. लढत संपली. यात शिस्त कुठे आली? समोरच्याने एक सापळा लावला, याने प्रत्येक चांगला बॉक्सर जे करेल तेच केलं आणि त्यासाठीच सापळा होता. माझ्याकडची पोरं ही जोडी आता पॅडवर करतात, खाली-वर, त्याच हाताने, वजन न बदलता.

आणि गंमत म्हणजे करी नंतर १९८८ मध्ये त्याच वरच्या गटात जगज्जेता झाला, आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. तरी इथे तो वाया गेलेल्यांत.

हेरॉल ग्रॅहमच्या बाबतीत मात्र सेवेने अक्षम्य प्रकार केला आहे. हा शेफील्डमधल्या ब्रेंडन इंगलच्या व्यायामशाळेत घडलेला डावखुरा. इंगल त्याला कामगारांच्या क्लबांत घेऊन जायचा, त्याचे हात मागे ठेवायचा आणि जमलेल्यांना सांगायचा, याला एक ठोसा लावून दाखवा. लागायचा नाही. १९९० च्या नोव्हेंबरात स्पेनमधल्या बेनाल्मादेनात तो ज्युलियन जॅक्सनसमोर उभा राहिला. मुख्य पानावर तुम्हाला दिसतो तो फक्त चौथा राउंड: जॅक्सनचा उजवा, आणि ग्रॅहम खाली पोचायच्या आधीच बेशुद्ध. तो ठोसा अंगावर काटा आणणारा आहे, वादच नाही. पण ‘पूर्ण लढत’ शोधून काढा (ती तीन पानं आत आहे, ते का कळत नाही) आणि आधीचे तीन राउंड बघा.

त्या तीन राउंडांत जॅक्सनला, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात घातक ठोसेबाजाला, ग्रॅहम सापडतच नाही. ग्रॅहमचे दोन्ही हात मांडीपाशी. जॅक्सन मारतो तेव्हा डोकं तिथे नसतं, आणि मारून झालं की त्याच्या डोळ्यावर एक जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, असतो. डोळा सुजून मिटत येतो. चौथ्याच्या आधी जॅक्सनला सांगितलं गेलं होतं, हा एकच राउंड, मग थांबवणार. म्हणजे ग्रॅहमला तीन मिनिटं नुसतं लांब राहायचं होतं. तो आत गेला. का गेला? मी ही लढत जितक्यांदा बघतो तितक्यांदा मला एकच उत्तर सुचतं: ज्याला कधी ठोसा लागतच नाही, त्याला ठोशाची भीती शिकायला मिळत नाही. आमच्याकडे असा एक मुलगा होता, त्याचं नाव नको. सरावात त्याला कोणी हात लावू शकायचं नाही. त्याला गार्ड वर घे सांगणं म्हणजे मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

याच ग्रॅहमची १९८९ मधली मॅकॅलमबरोबरची लढतही सेवेत आहे. त्यात त्याचा एक गुण कापला गेला आणि निकाल तीन पंचांच्या गुणपत्रिकांवर दोनास एक असा विरुद्ध गेला. तीनदा जागतिक पट्ट्यासाठी लढला, तीनदा हुकला. पण लोकांना आठवतो तो एका ठोशामुळे, आणि ही सेवा त्या आठवणीला खतपाणी घालते. दहा मिनिटांच्या बॉक्सिंगमधले शेवटचे काही सेकंद मुख्य पानावर लावणं म्हणजे परीक्षण नव्हे, पंचनामा.

कर्कलंड लँगचं प्रकरण मात्र झलकेच्या बाजूने जातं, हे मान्य. ४ सप्टेंबर १९८२, डेट्रॉइट, समोर माजी जगज्जेता रॉबर्टो दुरान. दहा राउंड लँग हात खाली सोडून, खांदे पाडून, जणू फिरायला निघालाय अशा थाटात दुरानला चुकवत राहतो आणि निकाल त्याच्या बाजूने लागतो. त्या वर्षातला सगळ्यात मोठा धक्का म्हणून ‘द रिंग’ मासिकाने त्याची नोंद घेतली. आणि मग हा माणूस गायबच झाला. त्याच्या व्यवस्थापकालाही सापडेना. परतला तो वर्षभराने, आणि हरला. इकडे हरलेल्या दुरानने १९८३ च्या जूनमध्ये डेव्ही मूरला हरवून पुन्हा जागतिक पट्टा मिळवला. लँगला जागतिक पट्ट्यासाठी लढायची संधी कधीच आली नाही. इथे खर्जातला आवाज काहीही बोलला तरी मी गप्प बसतो. फक्त लढतीचा ध्वनी इतका मागेपुढे झालाय की ठोसा आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो. हे दुरुस्त करणं काही अवघड नाही.

ऐंशीच्या दशकातल्या हेवीवेट मंडळींवर विभागात भरपूर लढती आहेत, आणि कारणांचा उल्लेख जवळपास शून्य. पोट सुटलेले विजेते म्हणून त्यांची टिंगल करणं सोपं आहे. पण टिम विदरस्पूनचंच घ्या. १९८६ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याने फ्रँक ब्रुनोला, ब्रुनोच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर, अकराव्या राउंडमध्ये थांबवलं. ठरलेल्या मानधनातून सगळी वजावट होऊन त्याच्या हाती आले सुमारे ९० हजार डॉलर. प्रवर्तक डॉन किंग, आणि विदरस्पूनचा व्यवस्थापक किंगचाच मुलगा कार्ल. दोघांचा हिशेब एकाच घरात. पुढे खटला झाला, तडजोडीत विदरस्पूनला सुमारे १० लाख डॉलर मिळाले, पण तोवर उमेदीची वर्षं गेली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथकडून पहिल्याच राउंडमध्ये हरला. ती लढत इथे आहे. बघताना एवढा हिशेब डोक्यात ठेवा, मग त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला आळस म्हणवत नाही.

ग्रेग पेजची लढत पोरांना नाही, पण पंच आणि वेळाधिकारी होऊ बघणाऱ्यांना आवर्जून दाखवावी. १ डिसेंबर १९८४, दक्षिण आफ्रिकेतलं सन सिटी, जेरी कुट्झी. आठव्या राउंडमध्ये कुट्झी संपतो, आणि पेज जगज्जेता होतो. सेवेतल्या पट्टीवर प्रत्येक घंटेपाशी खूण आहे, ही त्यांची खरोखर उत्तम सोय. सातव्याच्या पुढे आठव्याची लांबी बघा. तीन मिनिटांचा राउंड पावणेचार मिनिटांच्याही पुढे गेलाय, घंटा वेळेवर वाजलीच नाही. हाच पेज सोळा वर्षांनी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, केंटकीतल्या एका फुटकळ लढतीत मेंदूला इजा होऊन कोसळला. रिंगपाशी साधा ऑक्सिजनही नव्हता. अर्धं अंग गेलं, आणि २००९ मध्ये तो वारला. झलकेत यातलं एक अक्षर नाही. ‘त्याने स्वतःला गंभीरपणे घेतलं नाही’ म्हणे.

रिडिक बोबद्दल फार लिहीत नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये हेवीवेट जगज्जेत्या होलीफिल्डला हरवताना २३५ पौंड, वर्षभराने त्याच होलीफिल्डकडून हरताना २४६, आणि १९९६ मध्ये गोलोटासमोर २५२. काट्यानेच त्याची गोष्ट सांगून टाकली आहे. तरीही ४३ विजय आणि एकच पराभव असलेल्या माणसाला अपयशी म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

डेव्हिड रीड मात्र लोकांच्या घाईचा बळी. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीत तो गुणांवर खूप मागे होता आणि तिसऱ्या फेरीत एका उजव्या ठोशाने त्याने सुवर्ण ओढून आणलं. व्यावसायिक झाल्यावर बाराव्या लढतीतच जागतिक पट्टा. मार्च २००० मध्ये, अवघ्या चौदा लढतींच्या अनुभवावर, फेलिक्स त्रिनिदादसमोर. तिसऱ्या राउंडमध्ये त्याने त्रिनिदादला खाली पाडलं, मग स्वतः चार वेळा पडला, त्यातलं तीनदा अकराव्यात. एका पापणीची नस आधीच निकामी, ती डोळ्यावर लोंबलेली. ही लढत मी एकदा पूर्ण बघितली, परत लावणार नाही. पुढच्या वर्षी त्याने खेळ सोडला. त्याच्या झलकेतही शिस्तीचा उल्लेख आहे! कोणाची शिस्त?

आणि याच रांगेत टोनी अयाला. बावीस लढती, बावीस विजय, जागतिक पट्ट्याची लढत दाराशी, आणि १९८३ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात ३५ वर्षांची शिक्षा, त्यातली सोळा भोगली. आवाज म्हणतो, ‘नियतीने त्याचा पट्टा हिरावून घेतला.’ एका बाईवर या माणसाने काय आणलं त्याबद्दल दोन मिनिटांत एक शब्द नाही. रीड आणि अयाला एकाच कप्प्यात, एकाच पियानोवर. ज्याने हा विभाग रचला त्याने तो नुसता ‘पट्टा मिळाला की नाही’ या एका खणात भरला आहे. सेवेला मी एक गुण कापतो तो इथे.

हॉवर्ड डेव्हिसमुळे तो गुण जवळजवळ परत दिला असता. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पाच बॉक्सरांनी सुवर्ण मिळवलं: शुगर रे लेनर्ड, मायकेल आणि लिऑन स्पिंक्स, लिओ रँडॉल्फ आणि डेव्हिस. स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून व्हॅल बार्कर चषक लेनर्डला नाही, डेव्हिसला मिळाला, तोही ऐन स्पर्धेच्या तोंडावर आई गेलेली असताना. पुढे चौघे जगज्जेते झाले. डेव्हिस नाही. जून १९८४ मध्ये सान हुआनमध्ये एडविन रोसारिओबरोबरची त्याची लढत इथे स्पॅनिश समालोचनासह, थोडी धुरकट, पण अखंड आहे. दुसऱ्या राउंडमध्ये डेव्हिस पडतो, उठतो आणि मग हळूहळू, एकेक जॅब करत लढत आपल्याकडे ओढत आणतो. बाराव्याचे शेवटचे काही सेकंद उरलेत. नुसतं मिठी मारून उभं राहिलं तरी चालेल. आणि तेवढ्यात तो पुन्हा पडतो. निकाल दोनास एक, रोसारिओच्या बाजूने. मी पोरांना राउंडच्या शेवटच्या दहा सेकंदांबद्दल कितीही ओरडून सांगितलं तरी जे होत नाही, ते या एका राउंडने होतं.

काही तांत्रिक गोष्टी. शोध अगदीच मठ्ठ आहे, नावाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर काहीच सापडत नाही. वजनगटानुसार लावायची सोय बरी. कॉर्नरमधलं मिनिट बहुतेक लढतींत कापलेलं आहे, कारण मूळ प्रक्षेपणात तिथे जाहिराती असायच्या. जिथे ते शिल्लक आहे तिथे ‘कॉर्नर’ अशी छोटी खूण दिली असती तर माझ्यासारख्यांनी वर्गणी दुप्पट भरली असती.

हौशी बॉक्सिंगचा तर दुष्काळच. भारताच्या डिंको सिंगला आधी संघातून वगळलं होतं, मग घेतलं, आणि १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो सुवर्ण घेऊन आला. त्याला ऑलिंपिक पदक मिळालं नाही म्हणून त्याच्यावरही हाच ‘अजून मोठा झाला असता’चा शिक्का मारला जातो. २०२१ मध्ये तो गेला. त्याची एकही लढत इथे नाही. मागणी नोंदवायची खिडकी आहे, त्यात लिहिलं. उत्तर आलं की ‘आपली सूचना मोलाची आहे’.

घ्यायचीच झाली तर वर्षाची न घेता आधी महिन्याची घ्या. करीच्या तिन्ही लढती ओळीने बघा, मग ग्रॅहम-जॅक्सन पहिल्या घंटेपासून, मग डेव्हिस-रोसारिओ. झलक आपोआप सुरू होते. ती बंद करायचं बटण सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी, भाषेच्या पर्यायांखाली दडवलंय. पहिलं काम ते करा.